ओमाच्या भिंतीवरची नदी

खाणकामगारांच्या जुन्या न्हाणीघरात दर गुरुवारी फोटो क्लब भरायचा. तिथे जमणाऱ्या मंडळींना साधी गोष्ट कधी साधी दिसायचीच नाही. एकजण ट्रामच्या काचेवर साचलेल्या बर्फात जंगलं शोधायचा. एक बाई करपलेल्या तव्यांची बुडं टिपायच्या आणि खाली ‘चंद्र’ असं लिहायच्या. क्लबाचे अध्यक्ष रोमुआल्ड पेट्रोल पंपावरच्या तेलाच्या डागांत आकाशगंगा बघायचे. गावाला ही सगळी मंडळी खुळी वाटायची आणि गाव फारसं चुकत नव्हतं. पण खुळ्यांचाही एक नियम होता आणि तो फार कडक होता. जग सापडलं पाहिजे, बनवायचं नाही. निगेटिव्हवर ब्रश फिरवला, कागदावर नको ते पुसलं, की तो माणूस त्यांच्या लेखी भामटा. आभाळातली विजेची तार खोडली म्हणून एकाला त्यांनी कायमचा घरी बसवला होता.

हुबर्ट गायदाला एक नदी सापडली होती. ती त्याच्या घरासमोर, अंगणापलीकडच्या लाल विटांच्या चाळीत, फ्रीडा कुर्झोक नावाच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात होती. सगळी चाळ तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. तिच्या चुलीशेजारच्या भिंतीला छतापासून खालपर्यंत एक भेग गेली होती. खाली खाण चालू असलेल्या गावात भेग नसलेली भिंत शोधावी लागते, त्यामुळे त्यात नवल काहीच नव्हतं. पण ही भेग मध्येच फुटून तिचे फाटे झाले होते, फाट्यांच्या कडेने ओलीचा पांढरा खार फुलला होता आणि वर चुलीच्या काजळीने ढग धरले होते. शनिवारी सकाळी समोरच्या विटांवरून परतलेला उजेड खिडकीतून तिरपा आत यायचा, कॉफीचा एक ग्लास संपेपर्यंत टिकायचा, आणि तेवढ्या वेळात भिंत नाहीशी होऊन तिथे बर्फातून वाहणारी एक मोठी नदी दिसायची. हुबर्ट आपला जुना लाकडी कॅमेरा तिपाईवर चढवून वर्षानुवर्षं ती टिपत होता. शाळेतली नोकरी, मोडलेलं लग्न, रिकामं घर, हे सगळं तो त्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं की विसरायचा.

ओमाला आधी वाटलं, याचं डोकं फिरलंय. मग एका शनिवारी तिने चष्मा लावून त्याच्या शेजारी उभं राहून बघितलं, आणि तिलाही नदी दिसली. तेव्हापासून ती त्याच्याहून जास्त त्या नदीत राहायला लागली. या वळणावर होडी लागते, म्हणायची. हे टेकाड म्हणजे चर्च. आणि पलीकडच्या काठावर, जिथे खार दाट होता, तिथे तिचा आलोइझ राहत होता. आलोइझ तिचा नवरा. तो खाणीत गेला तो वर आलाच नव्हता, त्यामुळे त्याला कुठेतरी ठेवणं तिला भाग होतं.

“आज पाणी चढलंय रे पोरा,” कधी कधी ती आल्या आल्या सांगायची. हुबर्ट कॅमेऱ्यातून बघायचा. खरंच, नदी रुंद झालेली असायची. दोघांनाही त्याचा आनंद व्हायचा. मग ती खसखशीचा केक कापायची. भेग रुंद होतेय, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून कधी आलं नाही. मनातही आलं नाही म्हणावं, इतके ते दोघे त्या नदीत बुडालेले होते.

ओमाची मुलगी रेगिना मात्र बुडालेली नव्हती. ती आणि हुबर्ट एकाच अंगणात खेळून मोठे झालेले. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत राहायची आणि दर रविवारी येऊन आईशी त्याच एका विषयावर भांडायची. इथून चल. वरचं बिऱ्हाड कधीच गेलं, ही कडेची भिंत कुणाच्या भरवशावर उभी आहे? ओमा बटाट्याचे गोळे वळत ऐकून घ्यायची आणि एकच उत्तर द्यायची. ऑफिसने सांगितलं तर जाईन, तोवर इथून मला चौघांनीच उचलावं. आणि ऑफिस काय सांगणार, हे एका पट्टीवर ठरायचं. पालिकेच्या माणसाने भेगेवर आडवी, तळहाताएवढी जिप्समची पट्टी लावून तिच्यावर तारीख कोरली होती. भिंत हलली की पट्टी तडकते. वर्षातून एकदा इंजिनिअर येऊन बघतो. पट्टी तुटली असेल तर बिऱ्हाडाला दुसरी जागा, अखंड असेल तर पुढच्या वर्षी भेटू. रेगिनाचा सगळा जीव त्या पट्टीवर टांगलेला होता. ती आली की आधी आईला नाही, पट्टीला भेटायची.

पट्टी अगदी वरच्या वळणाखाली, नदीच्या ऐन मध्यावर होती.

रोमुआल्डने क्राकूफ शहरात क्लबाचं मोठं प्रदर्शन ठरवलं आणि हुबर्टच्या नदीला समोरची भिंत द्यायचं कबूल केलं. मग त्याने फोटो उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. नदी अप्रतिम आहे, पण हे मध्ये काय? हुबर्टने सांगितलं. रोमुआल्ड म्हणाला, यात जग दिसत नाही, पालिका दिसते. मग कागदावर पुसू का, असं विचारायची हुबर्टची छाती नव्हती. विचारलं असतं तर त्याच गुरुवारी त्याला हाकलला असता. पण निगेटिव्हला हात लावायचा नाही एवढाच नियम होता. भिंतीला हात लावायचा नाही, असं क्लबात कुणी कधी म्हटलं नव्हतं. घरी जाताना हुबर्टच्या डोक्यात हे आलं आणि त्याला ते फार प्रामाणिक वाटलं. अशी माणसं चोरीसुद्धा नियमात बसवून करतात.

ओमाला त्याने विचारलं. तिने खांदे उडवले. काढ की. इंजिनिअर यायला अजून अवकाश आहे आणि त्या धोंड्याने माझी होडी कायमची अडवून ठेवली आहे. हुबर्टने स्वयंपाकाच्या सुरीने कडा सोडवल्या. पट्टी सुटली ती दोन तुकड्यांत. सुरी जोरात लागली, तो म्हणाला, आणि तुकडे बशीत ठेवून कॅमेऱ्याकडे वळला. उजेड यायला लागला होता. तुकड्यांकडे बघितलं असतं तर दिसलं असतं, पण त्याला तेव्हा फक्त नदी दिसत होती. पहिल्यांदाच ती उगमापासून मुखापर्यंत मोकळी वाहत होती.

उजेड कमी पडू नये म्हणून त्याने ओमाच्या हातात पांढरी चादर देऊन तिला बाजूला उभं केलं होतं. त्याला हवा तो फोटो मिळाला. निगेटिव्हची दुसरी काच चढवून तो पुन्हा टिपणार, तेवढ्यात ओमाचे हात भरून आले. तिने चादर खांद्यावर टाकली, बशीतले ते दोन तुकडे उचलले आणि दोन्ही कानांशी डूल धरावेत तसे धरून कॅमेऱ्यासमोर तोंड आणलं.

“कशी दिसते? जाऊ का लग्नाला?”

हुबर्टच्या बोटाखालची कळ दाबली गेली. एक काच फुकट गेली म्हणून तो तिच्यावर चिडला. ती मात्र हसत हसत खुर्चीत बसली आणि बराच वेळ डोळे पुसत होती. तेवढ्यात उजेड गेला.

मग त्याने बशीत जिप्सम कालवलं. नवी पट्टी लावली, खिळ्याने तीच जुनी तारीख त्याच वळणाने कोरली, वरून चहाचं पाणी आणि चुलीतली काजळी चोळली. त्याचा हात चांगला होता. पंधरा मिनिटांत पट्टी अशी जुनी झाली की ओमाने तोंडात बोट घातलं. जुने तुकडे कोळशाच्या बादलीत गेले.

काही आठवड्यांनी इंजिनिअर दुदेक आला. मेहनती, घाबरट माणूस. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं, विजेरी लावली, तारीख वाचली, भिंत झोपलेली आहे असं सांगितलं आणि ओमाने पुढे केलेला केकही खाल्ला नाही. रेगिना रजा टाकून आली होती. तिने दुदेकला पुन्हा बघायला लावलं. त्याने पुन्हा बघितलं. वर्षभरात केसाएवढीही हलली नाही बाई, तो म्हणाला, मी तरी काय लिहू? रेगिना अंगणात येऊन रडली. हुबर्टने आपल्या खिडकीतून ते बघितलं आणि पडदा ओढला.

क्राकूफमध्ये नदीपुढे माणसं थबकत होती. कुणी विचारलं, ही उत्तरेतली कुठली नदी? हुबर्ट म्हणाला, आमच्या शेजारची. लोक हसले. त्याच्याबद्दल छापून आलं, दुसऱ्या शहरांतून बोलावणी आली आणि त्याचे शनिवार बाहेरगावी जायला लागले. जाण्याआधी त्याने एक मोठी प्रत काचेच्या चौकटीत घालून ओमाला दिली. तिला एवढी मोठी भेट जन्मात कुणी दिली नव्हती. कुठे लावू, म्हणून ती घरभर फिरली.

नाताळ जवळ आल्यावर एका शनिवारी तो पुन्हा तिच्याकडे गेला. स्वयंपाकघराचं दार उघडेना. खांदा लावून ढकलावं लागलं. ओलीने फुगलंय, ओमा आतून म्हणाली. आत खिडकीच्या काचेला कोपऱ्यात तडा होता. आणि चुलीशेजारी, भेगेच्या बरोब्बर वर, त्याची चौकट टांगलेली होती. भिंतीवरची नदी झाकून कागदावरची नदी. हुबर्टला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्याला दिसलं की चौकट तिरकी आहे. त्याने ती सरळ केली. ती पुन्हा तिरकी झाली. त्याने ती खिळ्यावरून उतरवली.

पट्टी मधोमध तुटलेली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, दोन्हींच्या मध्ये हुबर्टची चार बोटं आत गेली. आतून गार वारा येत होता.

“ठेव रे ते जागेवर,” ओमा म्हणाली. “कुणाला दिसू नये म्हणून तर लावलंय.”

“ओमा, हे रेगिनाने बघितलं?”

“दुदेक येऊन गेल्यापासून ती पट्टीकडे बघतच नाही. आणि तुझा फोटो तिला फार आवडला. उतरवून कशाला बघेल?”

“मला ऑफिसात सांगावं लागेल.”

“सांग. पण पट्टी कुणी लावली, असं विचारलं तर काय सांगशील?” ती हे धमकी म्हणून म्हणत नव्हती. तिला खरोखरच त्याची काळजी वाटत होती. “तुझी नोकरी जाईल पोरा. आणि मला ते दहाव्या मजल्यावर नेऊन ठेवतील. तिथे चूल नाही. आलोइझ नाही. एवढा नाताळ माझ्या घरात होऊ दे, मग जा त्या दुदेककडे. मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.”

हुबर्टने हातातल्या चौकटीकडे बघितलं. नाताळला फार दिवस नव्हते. भिंत इतकी वर्षं उभी होती. आणि म्हातारीचं मन मोडवत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला काळजी होती ती म्हातारीची नव्हे, स्वतःची. नाताळनंतर जाऊ, तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की ओमानेसुद्धा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग त्याने चौकट पुन्हा खिळ्यावर टांगली.

पुढच्याच रविवारी, सगळी चाळ चर्चमध्ये असताना, खाली खाणीने कूस बदलली. असे धक्के रोजचेच. कपाटातले ग्लास किणकिणतात, माणसं ते थांबेपर्यंत बोलणं थांबवतात आणि पुढे चालू करतात. हुबर्ट घरीच होता. ग्लास किणकिणले. मग अंगणात कुणीतरी कोळशाची गाडी ओतावी तसा आवाज झाला. तो खिडकीशी गेला तेव्हा समोरच्या चाळीचा कोपरा नव्हता. धूळ खाली बसल्यावर वरच्या रिकाम्या बिऱ्हाडाच्या भिंतीवरचा फुलांचा कागद उघड्यावर दिसायला लागला. खाली ओमाचं स्वयंपाकघर होतं तिथे विटा होत्या. ती चर्चला गेली नव्हती. रेगिना जेवायला येणार म्हणून बटाटे सोलत बसली होती.

चौकशी लागली. दुदेकला घरी बसवला, त्याच्यावर खटला भरायचं ठरलं. पट्टी अखंड होती, मी या बोटाने बघितली, एवढंच तो ज्याला त्याला सांगत होता, आणि ऐकणारे मान फिरवत होते. त्याच्या बायकोला दुकानात कुणी पुढे होऊ देईना. हुबर्टला कुणीच काही विचारलं नाही. तो प्रेताबरोबर चालला, मूठभर माती टाकली, शाळेत जात राहिला. गुरुवारी मात्र न्हाणीघरात गेला नाही.

नाताळ झाल्यावर रेगिना त्याच्याकडे आली. काळा रुमाल, काळे हातमोजे, पोरींसारखी खुर्चीच्या कडेवर बसलेली. थडग्यावर लावायला आईचा फोटो हवा होता, चिनी मातीच्या अंडाकृती टिकलीवर भाजून देतात तसा. घरातले सगळे फोटो कपाटाबरोबर विटांखाली गेले होते. तिच्याकडे होता त्यात आई कुणाच्या तरी लग्नात पाठमोरी होती.

“तू तर दर शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात असायचास. तुझ्याकडे शेकड्याने असतील. एखादा चांगला दे.”

हुबर्ट हो म्हणाला. ती गेल्यावर त्याने खोके उतरवले. एकेक काच खिडकीशी धरून बघायला लागला. नदी. नदी. उन्हाळ्यातली, हिवाळ्यातली. काठाशी कुठे एक कोपर होतं, कुठे एप्रनची कड, आणि प्रती काढताना तीही त्याने प्रत्येक वेळी कापून टाकली होती. जिच्या हातची कॉफी पिऊन त्याने ही सगळी वर्षं काढली, तिला तो दर शनिवारी एकच सांगत आला होता. जरा बाजूला व्हा, ओमा. शेवटी त्याला रडू फुटलं.

फुकट गेलेली काच एका वेगळ्या पाकिटात होती. पडदे ओढून, तांबड्या दिव्याखाली त्याने तिची मोठी प्रत काढली. औषधाच्या पाण्यात हळूहळू ओमाचं तोंड वर आलं. ती हसत होती. एक दात नव्हता तिथपर्यंत मोकळी हसत होती. दोन्ही कानांशी पट्टीचे तुकडे आणि मागे पट्टी नसलेली भिंत. कॅमेरा मोठा, भिंग चांगलं, त्यामुळे तुकड्यांचा कण न् कण उतरला होता. हुबर्टने भिंग लावून बघितलं. पट्टी सुरीने तुटली असती तर तुटलेली कड पांढरी असायला हवी होती. ती काळी होती. चुलीची काजळी आतपर्यंत शिरली होती. पट्टी त्याने हात लावायच्या कितीतरी आधी तडकली होती, फक्त वरच्या काजळीखाली ती चीर कुणाच्या डोळ्याला दिसली नव्हती. दुदेक आला असता, विजेरी लावून त्याने ती शोधली असती, आणि रेगिना त्याच महिन्यात आईला घेऊन गेली असती.

त्याने ती प्रत वाळवून कपाटात ठेवली. मग त्याने पुठ्ठ्याला अंडाकृती भोक पाडलं आणि दुसरी प्रत काढली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, गालापासून गालापर्यंत. कान नाहीत, तुकडे नाहीत, भिंत नाही. हे काम त्याला उत्तम जमायचं. इतका चांगला फोटो त्या दफनभूमीत कुणाचा नसेल, असा झाला.

रेगिना आली तेव्हा त्याने अंडाकृती फोटो टेबलावर ठेवला. तिने हातमोजे काढून कडेला बोट लावलं. आईला असं हसताना मी लहानपणी बघितलं होतं, म्हणाली. मग फोटो उजेडाकडे नेऊन तिने विचारलं, “एवढं कशाला हसत होती रे?”

काहीही सांगता आलं असतं. मांजर आलं, दूध उतू गेलं, मीच काहीतरी बोललो. पण हुबर्ट उठला, कपाटातून मोठी प्रत आणली आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवली.

रेगिनाने ते डूल बघितले. तिला समजायला वेळ लागला नाही. ती पट्टी तिने दर रविवारी बघितली होती. हुबर्ट उभ्यानेच सांगत गेला. सुरी, बशी, नवी पट्टी, खिळ्याने कोरलेली तारीख, काळी कड. नाताळनंतर जाऊ म्हणालो, तेही सांगितलं. त्याचं सांगून झालं. तिने छोटा फोटो रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, मग मोठाही उचलून घेतला, आणि दोन्ही हातमोजे एकेक बोट ओढत नीट चढवले.

दाराशी ती थांबली.

“ज्याच्यासाठी पट्टी काढलीस, तो फोटो,” तिने विचारलं, “तो चांगला आला?”

“हो,” हुबर्ट म्हणाला. “चांगला आला.”